अकरा वह्या

पॉवरहाऊस चौकातून आत वळलं की तिसरं दुकान,
माळवदे मास्तरांचं.
काचेच्या कपाटात एक करडी सफारी,
सतरा वर्षं कोणी न्यायला आलेलं नाही.

मापांच्या वह्या तेरा. दोन उंदरांनी खाल्ल्या.
उरलेल्या माझ्यापुढे ठेवून हनुवटीनं
कॉम्प्युटरकडे दाखवलं: "यात घाल."

मी फार काही केलं नाही.
तक्ते नकोत, तक्त्यांची नाती नकोत,
एक साधी फाइल. नाव दिलं की माप परत.
लायब्ररीत फंक्शनं तयारच असतात:
उघड, ठेव, आण, काढून टाक, बंद कर.
एवढ्या क्रियापदांत माणसांचे संसार होतात,
शिंप्याचं दुकान का नाही होणार?

किल्ली: बेहेरे डॉक्टर, केईएम.
मूल्य: छाती अडतीस, कंबर छत्तीस,
डावा खांदा अर्धा इंच खाली.
फाइलला खांदा कळत नाही.
तिच्या लेखी ती बाइटांची पुरचुंडी, अमुक लांबीची.
बांधून दिली तशीच परत करते,
सोडून वाचायची आपण.

नसलेलं नाव विचारलं तर ओशाळत नाही,
सरळ रिकामा हात दाखवते.
मास्तरांना हे आवडलं नाही.
ते असल्या गिऱ्हाइकाला आधी बसवतात,
"मागं लग्नाला शिवला होतात ना?" म्हणत
गळ्यातली टेप काढतात.

मग सगळी नावं मागून पाहिली.
पहिली किल्ली दे. पुढची दे. पुढची.
पीएमटीतले गवंडे कंडक्टर,
त्यांना खेटून जज्ज पारसनीस,
मग बँडवाला रोझारिओ,
मग मोमीनांचा धाकटा, शेरवानी, घाईची.
"ही कसली रांग? ना पेठ, ना आडनाव, ना उधारी."
म्हटलं, नावाचा आकडा करून ती आपणच जागा ठरवते.
"म्हणजे माणूस बघत नाही."
नाही.
"बरी आहे की," म्हणाले, आणि बॉबिन भरत बसले.

फाल्गुनात बेहेरे आले.
छाती चौतीस, कंबर एकोणतीस.
मी ठेवलं.
ते गेल्यावर मास्तर म्हणाले, "आधीचं दाखव."
आधीचं नाही आता. त्याच किल्लीवर नवं ठेवलं,
जुनं गेलं.

मास्तर काही बोलले नाहीत.
सातवी वही काढली, थुंकी लावून पानं उलटली.
अठ्ठ्याऐंशी साली कंबर तीस. त्यावर रेघ. बत्तीस. रेघ.
चौतीस, रेघ, छत्तीस.
"रेघ मारली तरी खालचं वाचता आलं पाहिजे.
खोडरबर मी दुकानात ठेवत नाही, पोरी."

त्या रात्री मी प्रत्येक नावामागे वर्ष जोडलं.
किल्ल्या लांबल्या, फाइल फुगली,
आणि बेहेरे डॉक्टर पाच वेळा झाले.

एवढ्यावर काम संपलं असतं.
पण निघताना त्यांनी विचारलं,
"उलटं जमतं का? माप मी देतो, नाव तू सांग."

किल्लीवरून मूल्य मिळतं. मूल्यावरून किल्ली मागायला
तिच्यात फंक्शनच नाही.
सगळ्या किल्ल्या एकेक करून बघाव्या लागतील, म्हटलं.
"बघ."
सफारी कपाटातून काढली, टेबलावर पसरली,
टेप लावली: छाती बेचाळीस, बाही पंचवीस, उंची एकोणतीस.

पहिली किल्ली. पुढची. पुढची.
पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी
स्कूटरला किक मारत होतं, लागत नव्हती.
दोन हजार एकशे सहा नावं,
दोन बेचाळीस छातीचे निघाले,
एकाची बाही आखूड,
दुसरा नऊवारीएवढा उंच.
पुढची किल्ली नाही, म्हणाली फाइल.

मास्तरांनी इस्त्रीवर बोट टेकवून पाहिलं,
सफारीवर पाणी शिंपडलं, कॉलरपासून सुरुवात केली.
मी फाइल बंद केली.
"त्या दोन वह्यांतला असणार," ते म्हणाले,
आणि हँगर शोधू लागले.